महाग चहा कुठे परवडतो, कुठे नाही

चहाचा भाव किलोवर ठरतो, पण पितो आपण कपाने. म्हणून नवा चहा घरात आला की मी आधी दोन गोष्टी बघते: एका कपाला पत्ती किती लागते आणि तीच पत्ती किती वेळा उतरते. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली, वजन केल्याशिवाय पाण्यात काही टाकायचं नाही ही सवय सुटत नाही. किटलीशेजारी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा कायम असतो. ‘चहा पितेस की तपासतेस?’ असं विचारून आमचे हे आपला दुधाचा कप उचलतात आणि बाहेर जातात. तर सध्या फडताळात जे डबे आहेत, त्यांच्याबद्दल हे, चव आणि खर्च दोन्ही धरून. भावाचे आकडे देत नाही, ते मोसमागणिक हलतात. एकमेकांशी तुलना तेवढी करते.

तुलना करायची तर सगळ्यांना सारखंच वागवायला हवं. चहा चाखण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलीलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा, पाणी उकळतं, वेळ ६ मिनिटं. असा काढलेला चहा प्यायला मजा येत नाही, जीभ आखडते. पण दोष लपत नाही. करपलेला वास, दमट गोदामाची चव, नुसताच कोरडा तुरटपणा, जे असेल ते समोर येतं. पहिली ओळख मी अशीच करून घेते, मग प्रत्येकाचं त्याच्या कलाने.

आधी रोजचा, म्हणजे सीटीसी (क्रश, टिअर, कर्ल). १९३० च्या दशकात आसामात निघालेली ही पद्धत. दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान चिरडत, फाटत, वळत जातं आणि शेवटी आपल्या ओळखीचे दाणे होतात. पान इतकं फुटलेलं असतं की अर्क एका दमात सुटतो: रंग, कडकपणा, दूध घातल्यावरही टिकणारा जोर. दुसऱ्यांदा पाणी घालून काही उपयोग नाही. त्यामुळे हिशेब सोपा. कपाला अडीच ग्रॅम, किलोत ४०० कप, विषय संपला.

चहाचे शौकीन सीटीसीला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात. दार्जिलिंगच्या पानात जे काही नाजूक असतं ते दुधात गडप होतं. आसामच्या दमदार दाण्याचा मात्र तुरटपणा तेवढा उतरतो आणि जोर राहतो. दुधाच्या चहासाठी बनवल्यासारखाच माल आहे हा. पैसे कुठे घालायचे? सगळ्यात स्वस्तापेक्षा एक पायरी वर. त्या एका पायरीने दाणा एकसारखा होतो, तळाशी धूळ उरत नाही आणि उकळी आल्यावर भाजलेल्या धान्यासारखा गोडसर वास सुटतो. त्याच्या वरच्या पायऱ्यांनी दूधसाखरेतून मला तरी वेगळं काही दिलं नाही.

सुटा सीटीसी आणला तर चिमूटभर ओल्या टिपकागदावर पसरून बघते. चांगल्या चहाचे डाग लगेच पडत नाहीत, वरून रंग चोळलेला असेल तर ठिपके झटकन उमटतात. एका सुट्या चहाने माझा कागद होळी खेळल्यासारखा करून दिला होता. तो चहा कपापर्यंत आलाच नाही.

पिशव्यांबद्दल, म्हणजे टी बॅगांबद्दल, थोडक्यात. एका पिशवीत साधारण २ ग्रॅम, म्हणजे २५ पिशव्यांच्या खोक्यात जेमतेम ५० ग्रॅम चहा. खोक्याच्या किमतीला २० ने गुणा, किलोचा भाव निघतो. तो निघाल्यावर मी पिशव्या प्रवासापुरत्या ठेवल्या. आत बहुतेक वेळा फॅनिंग्ज नाहीतर डस्ट, म्हणजे चाळणीतून शेवटी पडणारा बारीक माल. तो वाईटच असतो असं नाही, लवकर उतरतो, कडक होतो. पण तसाच माल सुटा मिळत असताना दोऱ्याचे आणि खोक्याचे पैसे का भरायचे? पिरॅमिडसारख्या पिशव्यांत पान मोठं असतं, चवही बरी लागते. त्यातल्या बऱ्याच प्लॅस्टिकच्या जाळीच्या असतात. उकळत्या पाण्यात प्लॅस्टिक बुडवायचं आणि वर जास्त पैसे मोजायचे, हे काही मनाला येत नाही.

आता दार्जिलिंग. खिसा सैल सोडायचा मोह सगळ्यात जास्त इथेच होतो. भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन २००४ मध्ये याच चहाला मिळालं, पण नाव एकच असलं तरी वर्षभरात त्यातून चार वेगळे चहा निघतात आणि भावही चार. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा पहिला बहर, म्हणजे फर्स्ट फ्लश. मे-जूनमध्ये दुसरा. मग पावसाळी, आणि शेवटी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातला.

पहिल्या बहराचा गाजावाजा सर्वांत मोठा. पान हिरवट-करडं, कपात फिकट सोनेरी पाणी, फुलांचा वास, मागे किंचित कच्चेपणा. ताजा असताना सुरेख लागतो यात वाद नाही. पण अंगाने अगदी पातळ, आणि हा वास टिकत नाही. काही महिन्यांत फुलं जातात, कच्चेपणा राहतो. म्हणजे आपण ताजेपणाचे पैसे देतो आणि तो डब्यात बसून उडून जातो. पाकिटावर तोडणीचं वर्ष नसेल तर मी हा चहा घेतच नाही. एकदा एका व्यापाऱ्याकडून आलेल्या पाकिटावर फक्त पॅक केल्याची तारीख होती. चव घेतली तर गेल्या साली तोडलेला असावा असा निर्जीव. विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, चहा कधी शिळा होतो का?’ होतो हो.

दुसऱ्या बहराची गोष्ट निराळी. त्या दिवसांत मळ्यावर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, कोवळ्या पानांतला रस शोषतात. जखमी पान स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून येतो तो मस्कटेल, पिकल्या द्राक्षाकडे झुकणारा वास. शेतकरी एरवी ज्या किडीवर फवारणी करतो तिच्या नावाने इथे भाव चढतो. तांबूस पाणी, तोंडात भरणारं अंग, गिळल्यावर मागे रेंगाळणारा गोडवा. शिवाय हा चहा नीट ठेवला तर वर्षभर फारसा उतरत नाही. महाग चहा घ्यायचाच असेल तर माझे पैसे इथे जातात. पाणी उकळी फुटल्यावर मिनिटभर थांबवून, तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला तुरटपणा डोकं वर काढतो.

आणि ज्यांना कपाचा हिशेब कळतो त्यांच्यासाठी शरदातला. याची फारशी जाहिरात कुणी करत नाही. रंग तांब्याचा, वास सौम्य, दुसऱ्या बहराचा दिमाख नाही, पण पहिल्याचा कच्चेपणाही नाही. भाव पहिल्या दोन्हींपेक्षा बराच खाली. रोज दुपारी बिनदुधाचा एक कप घेणाऱ्या माणसाने दुसरीकडे बघूही नये. पावसाळी माल बहुतांशी मिश्रणांत आणि पिशव्यांत जातो, तिथेच बरा.

पाकिटावरच्या अक्षरांच्या माळेला भुलू नका. एफटीजीएफओपी वगैरे जे लिहिलेलं असतं ते पान अख्खं आहे का आणि त्यात कळ्यांची टोकं किती, एवढंच सांगतं. चवीची हमी त्यात नाही. एकाच मळ्याचा, एकाच मोसमाचा अख्ख्या पानाचा आणि तुटक्या पानाचा चहा मी शेजारी शेजारी ठेवून प्यायले आहे. तुटका जास्त कडक, थोडा कमी गोड, लवकर उतरणारा. वास मात्र तोच. ज्याला वाटी-गाळणीचा सोहळा नको आहे त्याने तुटकाच घ्यावा.

निलगिरी हा मला वाटतं सगळ्यात कमी लेखला गेलेला चहा आहे. स्वच्छ चव, मोकळा वास, आणि बर्फात ओतला तरी फारसा गढुळत नाही. लिंबाचा किंवा थंड चहा करायचा तर यापेक्षा महाग काही घेण्यात अर्थ नाही. श्रीलंकेच्या नुवारा एलियाचा त्याच वळणाचा, थोडा जास्त नाजूक आणि थोडा जास्त महाग.

हिरव्या चहाबाबतीत एक गोष्ट आधी सांगते: महाग पान आणण्यापूर्वी पाणी निववा. पानातली गोडसर अमिनो आम्लं कोमट पाण्यातही उतरतात, तुरट कॅटेचिन्सना जास्त उष्णता लागते. जपानी सेंचा ७० अंशांवर मिनिटभर ठेवा, मधल्या भावाचं पानही गोड होतं. त्याच पानावर आधणाचं पाणी ओता, काढा होतो, आणि मग लोक म्हणतात ग्रीन टी कडू असतो. ग्योकुरो झाडावर असताना साधारण २० दिवस सावलीत ठेवतात, त्याचे पैसे समजू शकते. ५०-६० अंशांच्या पाण्यात त्याचा घोट जवळजवळ सूपासारखा दाट लागतो. तो अधूनमधून. चिनी लोंगजिंगमध्ये ५ एप्रिलच्या आसपास येणाऱ्या छिंगमिंग सणाच्या आधी तोडलेलं पान प्रचंड महाग, आणि त्यानंतरचं एकदम उतरतं. नंतरचंच घ्यावं. थोडं कमी कोवळं असतं, पण भाजल्या दाण्यासारखी त्याची खास चव जागेवर असते. माचा म्हणजे हिरव्या चहाची बारीक जपानी पूड; तिच्या डबीवर ‘सेरेमोनियल’ छापलेलं असतं, त्याला कुठलंही अधिकृत प्रमाण नाही. पाण्यात घुसळून पिणार असाल तर चांगला घ्या, कारण अख्खं पानच पोटात जातं. दुधात घालायचा तर स्वस्तातला पुरे.

ऊलाँगपाशी, म्हणजे काळ्या आणि हिरव्याच्या मधल्या चहापाशी, मात्र काट्याने मला चकित केलं. थिएग्वानयिन या चिनी ऊलाँगच्या घट्ट वळलेल्या गोळ्या झाकणाच्या छोट्या वाटीत ५ ग्रॅम टाकल्या तर तळ जेमतेम झाकतो. वर १२० मिलीलीटर गरम पाणी, अर्धा मिनिट. पहिल्या पाण्याला गोळ्या नुसत्या जाग्या होतात. दुसऱ्याला एकेक पान देठाकडून उलगडायला लागतं, कडा लालसर, मध्य हिरवा. तिसऱ्याला वाटी पानांनी गच्च भरते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला फुलांचा वास असा चिकटतो की मी चहा आधी झाकणावरूनच घेते. चौथं, पाचवं पाणी थोडं जास्त वेळ ठेवायचं, तेही गोड उतरतं. आता हिशेब. पाच वेळा १२० म्हणजे ६०० मिलीलीटर, दीडशेचे चार कप. कपामागे सव्वा ग्रॅम, सीटीसीच्या निम्मे. किलोला चौपट महाग असलेला ऊलाँग कपाला दुप्पटच पडतो. आणि पिशवीच्या चहाचा किलोचा जो भाव मगाशी काढला, त्याच्या दीडपट भावाचा ऊलाँग कपामागे पिशवीपेक्षा किंचित स्वस्त पडतो! अट एकच, पाचही पाणी प्यायला वेळ हवा. पहिलं पाणी पिऊन पान फेकणाऱ्याला तो कधीच परवडणार नाही.

याच घराण्यातला ता होंग पाओ. चीनच्या वुयी डोंगरातल्या मूळ सहा झाडांची कथा सांगून विकतात. त्या झाडांची तोडणी २००६ पासून बंद आहे, तेव्हा डबीत जे येतं ते कलमांचं नाहीतर मिश्रणाचं. चहा म्हणून छान, कोळशावर शेकल्याचा खमंग वास असतो. पण झाडांच्या कथेचे वेगळे पैसे देऊ नयेत.

प्वेर हा मुरवलेला चिनी चहा. त्याच्या वड्या बहुतेक ३५७ ग्रॅमच्या असतात, सुरीच्या टोकाने कडेकडेने सोडवाव्या लागतात, नाहीतर चुरा होतो. कच्चा प्वेर वर्षानुवर्षं मुरवतात आणि वयाप्रमाणे भाव चढवतात; ते वय खरं की खोटं हे जिभेने ठरवणं माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून त्या वाटेला जात नाही. पिकवलेला प्वेर मात्र, ओला ढीग लावून पान लवकर मुरवायची ही पद्धत १९७३ ची, तुलनेने स्वस्त मिळतो. पाणी कॉफीसारखं काळं, तुरटपणा जवळपास नाही, सात-आठ वेळा उतरतो, त्यामुळे कपामागे बहुधा फडताळातला सगळ्यात स्वस्त पानाचा चहा हाच. वास पहिल्या पावसाच्या मातीचा नाही, तळघराचा. धाकट्या जावेने कप नाकाशी नेला आणि न बोलता खाली ठेवला. मला आवडतो.

एक गोष्ट कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते: पाणी. जड पाण्यात चहावर तेलकट साय धरते आणि चव सपाट होते, मग दार्जिलिंग काय आणि डस्ट काय. आमच्याकडचं पाणी जड आहे. गाळणयंत्र बसवल्यावर जो फरक पडला तो चहा दोन पायऱ्या वर नेऊनही पडला नव्हता. वरचढ पान घेण्याआधी हा खर्च करावा.

राहिला पांढरा चहा, सिल्व्हर नीडल. लव असलेल्या नुसत्या कळ्या, बघायला इतक्या देखण्या की डबा उघडून माणसांना दाखवावा. कपात काकडी आणि सुक्या गवताचा पुसट वास, गोडवा असलाच तर दुसऱ्या पाण्याला. ज्यांना तो कळतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे. शरदातल्या दार्जिलिंगचा डबा तळाला आलाय, पुढची मागणी त्याची, सोबत ऊलाँगचं ५० ग्रॅमचं पाकीट. सिल्व्हर नीडल कुणाला हवा असेल तर अर्धा डबा माझ्याकडे पडून आहे.