टर्फ एक नंबर, पण विजा चमकायला लागल्यावर खेळ थांबवणार कोण? (घणसोली, पावसाळी लीगसकट रिव्ह्यू)

आधीच सांगतो, टर्फचं (म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोट्या गवताच्या फुटबॉल मैदानाचं) नाव टाकत नाहीये. मालक माणूस म्हणून चांगला आहे आणि नाव टाकलं की लोक न वाचताच एक-एक स्टार मारत सुटतात. घणसोलीत, ठाणे-बेलापूर रोडपासून आत वळलात की डोंगराच्या बाजूला आहे, जे तिकडे खेळतात त्यांना कळेलच. माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार, त्यातले दोन कापलेत ते मैदानासाठी नाही, पावसाच्या पॉलिसीसाठी, आणि खरंतर त्याच्यावरच लिहायला बसलोय, पण बाकीचं पण सांगून टाकतो म्हणजे रिव्ह्यू अर्धवट वाटायला नको.

मैदान खरंच मस्त. बऱ्याच ठिकाणी बॉक्स क्रिकेटसाठीचं बुटकं गवत टाकून त्याच्यावरच फुटबॉल खेळवतात, गुडघे सोलून निघतात, इथे तसं नाही, गवत उंच आहे, काळे रबरचे दाणे भरपूर आहेत आणि मधल्या भागात कार्पेटचा जोड उखडलेला नाही (जे आपल्याकडे वर्षभरात होतंच होतं). उतार नीट काढलाय, त्यामुळे जुलैच्या धो-धो पावसात पण पाणी पंधरा-वीस मिनिटांत निघून जातं. फक्त गेटच्या बाजूच्या कोपऱ्यात दाणे वाहून येतात आणि जाळी तुंबते, तिथे बॉल गेला की थप्प करून थांबतो, मग कॉर्नर मारणाऱ्याची पंचाईत. रोज झाडू मारून दाणे परत पसरवले तर होईल की, पण तो पोरगा बिचारा एकटा, बुकिंग पण तोच बघतो, बिब (टीम ओळखायला वरून घालतात ते रंगीत जॅकेट) पण तोच धुतो.

लाइट चांगले, एक लुकलुकणारा पोल सोडून. वॉशरूम ठीकठाक, पार्किंग बाइकला भरपूर आणि कारला नशिबाने. बाहेर कटिंग आणि भजी मिळतात, भजी घ्या, वडा नको. रेट संध्याकाळचा आजूबाजूच्या टर्फसारखाच, वीकेंडला वाढतो, अर्धे पैसे आधी.

आता मुद्दा. गेटवर बोर्ड आहे: 'पाऊस हे कॅन्सलेशनचं कारण नाही. रिफंड मिळणार नाही.' आणि हे मला पूर्ण मान्य आहे, खोटं कशाला बोला. पावसात फुटबॉल खेळायला तर आपण जातो, बॉल घसरतो, कोण कुठे पडतंय कळत नाही, नुसती धमाल. चार थेंब पडले म्हणून रिफंड मागणाऱ्यांनी कॅरम खेळावा. पण पाऊस वेगळा आणि डोक्यावर विजा कडकडतायत ते वेगळं, बोर्डवर दोन्ही एकच धरलंय. लोखंडी पोल, वर जाळी, चारी बाजूंनी मोकळं, आणि मधे आपण दहा जण ओले होऊन पळतोय.

आपल्या पट्ट्यात एक गंमत आहे बघा, भर जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कितीही पडला तरी विजा तशा कमी असतात, खरा धिंगाणा असतो मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला आणि मग परतीच्या पावसात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला. आणि लीग कधी ठेवतात? बरोबर, सप्टेंबरच्या शेवटी, कारण तेव्हा 'पाऊस कमी झालेला असतो'. आमची सेमीफायनल तशीच होती. संध्याकाळी आभाळ पारसिकच्या डोंगराच्या बाजूने काळं झालेलं, पहिल्या हाफला आम्ही २-१ ने पुढे, आणि ब्रेकमध्ये गडगडायला लागलं. आधी लांब. मग लखकन उजेड आणि आवाज यायला जेमतेम दहा सेकंद.

दहा सेकंद म्हणजे काय ते सांगतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज तीन-साडेतीन किलोमीटरवर पडली, म्हणजे रबाळे-कोपरखैरणे एवढंच अंतर. जगभर मैदानांवर जो साधा नियम वापरतात तो ३०-३० चा: वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर खेळ बंद, सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पत्र्याच्या शेडखाली उभं राहणं म्हणजे सेफ नाही, हे पण त्यातच येतं, आणि आपल्याकडे टर्फवर पत्र्याची शेडच असते.

तर रेफरी कोण, तर एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा, मॅचमागे पैसे मिळणारा, आणि ते पैसे देणार आयोजक. त्याने आयोजकाकडे बघितलं, आयोजकाने घड्याळाकडे, कारण मागे दुसरी सेमीफायनल उभी. 'चला चला, दहा मिनिटं तर राहिलीत.' समोरच्या टीमचा कॅप्टन म्हणाला आम्ही नाही उतरत, माझ्या टीममधे दोन पोरं कॉलेजची आहेत, त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू. त्यावर आयोजक म्हणाला मग वॉकओव्हर. आणि दिला की हो वॉकओव्हर! आम्हाला! आम्ही फायनलला गेलो ते असे. आमच्यातल्याच काही जणांना ते बरोबर वाटलं, 'रूल म्हणजे रूल', ग्रुपवर दोन दिवस भांडणं चालली होती, मला अजून ते पटलेलं नाही. शहाणपणाने वागला त्याला शिक्षा आणि आम्हाला बक्षीस, हा कुठला रूल.

याच्यावर ऑफिसात बोलणं झालं तेव्हा एक वेगळीच माहिती मिळाली. आमचं ऑफिस ऐरोलीला, काम आयर्लंडच्या क्लायंटचं, तिकडचा एक जण त्याच्या गावच्या क्लबकडून गेलिक फुटबॉल खेळतो. आपल्याकडे हा खेळ कोणाला माहीत नाही म्हणून थोडक्यात: एकेका बाजूला १५ जण, बॉल हातात घेऊन पळता येतं पण चार पावलांपेक्षा जास्त नेता येत नाही, टप्पा मारायचा नाहीतर पायाने परत हातात उडवायचा, आणि गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखी. आडव्या बारच्या खाली जाळीत गेला तर तीन पॉइंट, वरून गेला तर एक, आणि २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून वर मारला तर दोन. मैदान आपल्या फुटबॉलपेक्षा पण लांब, १३० ते १४५ मीटर. आणि सगळे हौशी, म्हणजे डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार लोकांसमोर खेळणाऱ्याला पण मॅचचे पैसे मिळत नाहीत, सोमवारी सकाळी तो शिक्षक नाहीतर प्लंबर म्हणून कामावर हजर.

तिकडे वादळात मॅच खेळवायची का हा दरवर्षीचा वाद आहे, कारण त्यांची नॅशनल लीग सुरू होते जानेवारीच्या शेवटी, ऐन वादळांच्या दिवसात. २४ जानेवारी २०२५ ला एओविन नावाचं वादळ आलं, अख्ख्या आयर्लंडला रेड वॉर्निंग, गॉलवे काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत मोजला गेला, १९४५ सालचा त्यांचा रेकॉर्ड मोडला. अशा रेड वॉर्निंगला काही प्रश्नच नसतो, सगळं बंद, घरी बसा. भांडण होतं ते ऑरेंजला, म्हणजे रेडच्या एक पायरी खालच्या वॉर्निंगला. तेव्हा खेळवा म्हणणारे म्हणतात की आम्ही काय साखरेचे आहोत का, आणि शिवाय तारखा कुठून आणणार, कारण २०२२ पासून त्यांनी वर्षाचे दोन भाग केलेत, आधी काउंटीचा सीझन मग क्लबचा, एक वीकेंड गेला की पुढचं सगळं सरकतं. नको म्हणणारे म्हणतात मैदानाचं सोडा, लोक तिथपर्यंत गाडी चालवत येणार, रस्त्यात झाडं पडलीत त्याचं काय. आणि एक तिसरा मुद्दा मला फार आवडला: वारा इतका असतो की ज्याच्या पाठीशी वारा तो अर्ध्या मैदानातून पॉइंट मारतो आणि समोरच्याचा बॉल पुढेच जात नाही, मग ती मॅच कसली, टॉस जिंकायची स्पर्धा.

हे सगळं ऐकताना मला आपला आयोजक दिसत होता, त्याचं पण हेच की तारीख नाही. पण तिकडे आणि इकडे एक मोठा फरक आहे. तिकडची वॉर्निंग काउंटीप्रमाणे येते आणि तिच्यावर वेळ लिहिलेली असते, इतक्यापासून इतक्यापर्यंत, त्यामुळे मॅच दुपारी ढकलता येते. आपल्याकडे हवामान खात्याचा रेड अलर्ट जिल्ह्याला येतो आणि दिवसभराचा, २४ तासांत २०४.४ मिलीमीटरच्या वर पाऊस पडण्याची शक्यता म्हणजे रेड, आणि कित्येकदा त्याच दिवशी संध्याकाळी घणसोलीत चक्क ऊन पडलेलं असतं. मग लोकांचा विश्वास उडतो. वर आणि टर्फवाल्याने मला एकदा दिलेलं उत्तर ऐका: 'रेड अलर्ट रायगडला आहे भाऊ, आपण ठाणे जिल्ह्यात.' टेक्निकली बरोबर! पण आमची अर्धी टीम खारघर-पनवेलवरून येते, ते रायगडच. मॅच ठाणे जिल्ह्यात आणि खेळाडू रायगडात पाण्यात.

नवी मुंबईचं तर अजून एक आहे, सिडकोने शहर भरतीच्या पातळीच्याही खालच्या खाजणात भराव टाकून वसवलं, पाणी होल्डिंग पाँडमध्ये साठवून ओहोटीला खाडीत सोडायचं अशी सिस्टिम. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी जाणार कुठे, सबवे भरतात, हार्बर लाइन रडायला लागते. त्यामुळे इथे मॅचचा निर्णय घेताना भरतीची वेळ पण बघायला पाहिजे, हे कोणी करत नाही. आणि वाऱ्याचं म्हणाल तर १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, त्यानंतर तरी टर्फच्या त्या उंच पोलांचे नटबोल्ट दरवर्षी तपासतात का असं मी विचारलं, उत्तर आलं 'मजबूत आहे'.

मालकाची बाजू पण लिहितो. पावसाळ्यात त्याचं बुकिंग निम्म्यावर येतं, भाडं आणि लाइट बिल काही कमी होत नाही. प्रत्येक गडगडाटाला रिफंड दिला तर लोक टीम पूर्ण झाली नाही की आभाळाकडे बोट दाखवणार, आपले लोक मला माहीत आहेत ना. म्हणून मी रिफंड मागतच नाही. क्रेडिट द्या, दोन महिन्यांत कधीही वापरा. आणि निर्णय ना त्याचा ना आमचा, आधीच लिहून ठेवलेल्या नियमाचा. नेरूळला डी वाय पाटीलला बघितलं ना आपण, महिला वर्ल्डकपमध्ये २६ ऑक्टोबर २०२५ ची भारत-बांगलादेश मॅच पावसात वाहून गेली, आणि २ नोव्हेंबरची फायनल तीनच्या ऐवजी पाचला सुरू झाली, पूर्ण ५० ओव्हरची झाली आणि आपण जिंकलो. कोणी कोणाला वॉकओव्हर दिला नाही, फायनलला रिझर्व्ह डे आधीच ठरलेला. लोकल लीगला एवढं जमणार नाही, कबूल, पण एक रिकामा रविवार बाजूला ठेवायला काय जातं? आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप फुकट आहे, आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजा दाखवतं, बुकिंगवाल्या पोराच्या फोनमध्ये टाका, एवढंच.

लीगनंतर मी हे सगळं मालकाला शांतपणे सांगितलं. त्याने चहा पाजला, ऐकून घेतलं, म्हणाला दादा तुमचं खरं आहे, पण लीग माझी नाही, आयोजक जागा भाड्याने घेतो, त्याला मी काय बोलणार. आयोजक म्हणतो मैदान त्याचं, बंद करायचं तर त्याने लाइट बंद करावेत. अशी टोलवाटोलवी. एक सुधारणा मात्र झाली, नेहमीच्या ग्रुपना आता विजांच्या दिवशी स्लॉट बदलून मिळतो, फोन करून मागावा लागतो, बोर्डवर अजून जुनंच लिहिलंय. तो लुकलुकणारा पोलसुद्धा दुरुस्त झाला म्हणे, मी अजून रात्रीचा जाऊन बघितला नाही.

तर नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत बिनधास्त बुक करा, या पट्ट्यात एवढ्या पैशात इतकं चांगलं गवत मला तरी दुसरीकडे मिळालं नाही. जुलै-ऑगस्टला पण मजा आहे, फक्त जास्तीचे मोजे आणि मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी न्या. मेचा शेवट, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा स्लॉट घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी स्लॉट बदलून मिळेल असं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आणि इथल्या लीगमध्ये टीम टाकणार असाल तर एंट्री फी देताना आयोजकाला विचारा की खेळ थांबवायचा अधिकार कोणाचा आणि थांबला तर निकाल काय. समोरची टीम या वेळी परत एंट्री करत नाहीये, त्यांच्या कॅप्टनला मी विचारलं होतं, तो म्हणाला ठाण्यात कोलशेतला बघतोय.