लुगड्याला बांधून शिकलेली बॅक हँडस्प्रिंग: जळगावातला एक क्लास

कॉलेजच्या चिअर (म्हणजे चिअरलीडिंगच्या) टीममध्ये मला घेतलं ते गॅदरिंगला बरी नाचते म्हणून. धड कोलांटी मारता येत नव्हती. मग टम्बलिंगसाठी, म्हणजे त्यातल्या कोलांट्याउड्यांसाठी, एक जिम्नॅस्टिक्सचा क्लास लावला, महिना बाराशे. चार महिने झाले. नाव टाकत नाही, कारण रडगाणंही गाणार आहे.

सर घाई करू देत नाहीत. माझ्या डोक्यात थेट बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घ्यायची, हातांवरून पलटून परत पायांवर यायचं), आणि त्यांनी पहिला महिना पुढची-मागची कोलांटी आणि भिंतीला धरून हँडस्टँड यातच घालवला. उलटं उभं राहून दोन घोट्यांत रुमाल धरायचा. पडला की परत पहिल्यापासून. जाम वैताग यायचा. राउंडऑफ (हातांवरून आडवं फिरून दोन्ही पायांवर एकदम उतरणं) सुरू झाल्यावर रुमालाचं कोडं सुटलं. पाय हवेत जुळले नाहीत तर ती एकेक पाय टेकणारी साधी कार्टव्हीलच होते, आणि दोन्ही पाय एकदम आपटल्याशिवाय पुढच्या उडीला जोरच मिळत नाही.

बॅक हँडस्प्रिंगच्या वेळी सरांनी घरून जुनं सुती लुगडं आणायला सांगितलं. आजीचं नेलं. त्याचा पिळा माझ्या कमरेला, दोन टोकं दोघांच्या हातात. "मागे खुर्ची आहे समज आणि बस. गुडघे पुढे गेले की वर उडशील, मागे नाही." मी दहा मिनिटं नुसती हात वर करून उभी. शेवटी सर अहिराणीवर आले, "काही व्हत नही व माय, मार!" मारली. लुगडं करकचून ताणलं, तळहात टेकले, आणि कोपर वाकल्यामुळे पाठोपाठ डोकंही टेकलं. दीड महिन्याने लुगडं सुटलं.

मॅटचं मात्र काही खरं नाही. सांध्यावरची चिकटपट्टी निघते आणि मनगट नेमकं त्या फटीत जातं. माझं गेलं. आठ दिवस घरी बसले, फी मात्र पूर्ण घेतली. शिवाय हॉल लहान. चिअरच्या स्पर्धेचा फ्लोअर 54 बाय 42 फुटांचा असतो. इथे चार पावलं धावलं की भिंत. त्यामुळे उभ्या जागेवरून माझं बरं जमतं, धावत येऊन कच्चंच राहिलंय. वर पत्रा. मे महिन्यात सकाळी सहाची बॅच मिळाली तरच जा, नऊनंतर भट्टी.

बाहेर कट्ट्यावरची पोरं आमच्या टीममधल्या मुलांना हसतात, त्यात क्लासचा काय दोष? 1898 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात चिअरलीडिंग सुरू केलं ते एका मुलानेच, असं मी एकदा त्यांना ऐकवलं. आणखीच हसले.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मॅटपायी कापला, एक त्या आठ दिवसांच्या फीचा.

आजी अजून लुगडं मागतेय. ते सध्या नव्या बॅचच्या पोरींच्या कमरेला आहे.