यायझूची नारुतोमाकी: रामेनवरची गुलाबी भोवऱ्याची चकती

टोकियोत निशी-कासाईला राहायला येऊन चार वर्षं झाली. शोयू रामेनवर, म्हणजे सोया सॉसच्या रश्शातल्या नूडल्सवर, ही माशाच्या गराची चकती कितीदा तरी खाल्ली, पण घरी आणली ती गेल्या महिन्यात. आधी दुसऱ्याच एका कंपनीची स्वस्त सुरळी घेतली होती. नुसता स्टार्च! माशाची चवच नाही. मग पाकिटं उलटून वाचायला लागले आणि शिझुओका प्रांतातल्या यायझूची सापडली. हे मासेमारीचं बंदर नारुतोमाकीसाठीही ओळखलं जातं. नाव मात्र तोकुशिमाजवळच्या नारुतो सामुद्रधुनीतल्या भोवऱ्यांवरून पडलंय.

सुरी लावली की सुरळी तिला हलकेच मागे ढकलते, इतका ताण आहे तिच्यात. पाण्यात धुतलेला माशाचा गर मीठ घालून घोटला की हा चिवटपणा येतो. मग पांढऱ्या थरावर गुलाबी थर, अळूवडीसारखी गुंडाळी आणि वाफ. कडेच्या खाचा गुंडाळायच्या चटईच्या. चव सौम्य, किंचित गोडसर. मालवणी जिभेला आधी फिकी वाटेल, पण खारट, गरम रश्शात दोन घास थांबा, मग कळते.

चकत्या अर्ध्या सेंटीमीटरच्या कापा आणि अगदी शेवटी वर ठेवा. रश्शासोबत उकळू नका, फुगून मऊ पडतात. उरलेल्या मी तव्यावर थेंबभर तेलात परतल्या, कडा लालसर झाल्या, आणि मुलाने भाताबरोबर सगळ्या संपवल्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र पाकीट नीट वाचा, बऱ्याचदा अंड्याचा पांढरा बलक असतो. आमच्याकडे आता ही दर आठवड्याला येते.