वीजजोडणी नसलेली केबिन: पोलादी शेगडी की उष्णता साठवणारी भट्टी?

वीजजोडणी नसलेल्या केबिनमध्ये हिवाळा काढायचा असेल, तर लाकडी पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर) चालणारी शेगडी बहुधा सुरुवातीलाच बाद होते. पेलेट पुढे सरकवणाऱ्या मोटरला आणि पंख्याला वीज लागते. उरतात दोन पर्याय: पोलादाची किंवा बिडाची बंद शेगडी, आणि विटांची किंवा सोपस्टोनची (उष्णता धरून ठेवणाऱ्या मऊ दगडाची) जड भट्टी. माझ्या मते यांतली निवड किलोवॉटच्या आकड्यावरून न करता आपण तेथे कसे राहणार आहोत यावरून करावी.

आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्याला पोलादी शेगडीच सोयीची, कारण ती पेटवल्यानंतर थोड्याच वेळात ऊब देऊ लागते. गारठलेली भट्टी मात्र पुरती तापायला कित्येक तास घेते, आणि खोली सुखावह होईपर्यंत परतायची वेळ आलेली असते. सलग मुक्काम असेल, तर दिवसातून एकदा-दोनदा जोरकस जाळ केला की भट्टी पुढे 12 ते 24 तास संथपणे उष्णता देत राहते आणि पहाटे उठून सरपण घालावे लागत नाही. तिचे वजन मात्र एक टनाच्या वर जाऊ शकते, त्यामुळे स्वतंत्र पाया हवा. बांधून झालेल्या केबिनमध्ये तो घालणे जिकिरीचे असते.

छोट्या केबिनसाठी मोठी पोलादी शेगडी घेण्याची चूक सर्रास होते. खोली फार तापते, म्हणून हवेची झडप आवळली जाते, लाकूड धुमसत राहते आणि धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे धुरातला डांबरासारखा ज्वलनशील थर, साचते. पुढे तेच पेट घेऊ शकते. भट्टीत भरपूर हवेवर जाळ होत असल्याने हा त्रास कमी, पण तिचा धोका वेगळा आहे: ऊब वाचवण्यासाठी निखारे पुरते विझण्याआधीच धुराड्याची झडप बंद केली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत शिरतो. हा वायू ओळखून इशारा देणारा बॅटरीवरचा सूचक दोन्हीकडे हवाच.

ओले सरपण दोन्हींत वायाच जाते. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते. ते 20 टक्क्यांच्या खाली यायला फोडून, आडोशाला रचून वर्ष-दोन वर्षे ठेवावे लागते.

मुक्काम कधी दोन दिवसांचा, कधी महिन्याचा असेल, तर सोपस्टोनचे आवरण असलेली पोलादी शेगडी पाहावी. वजनास वजन धरले, तर हा दगड लोखंडाच्या सुमारे दुप्पट उष्णता साठवतो. मात्र घेण्यापूर्वी जमिनीची ताकद तपासून घ्यावी.