कानामागचं की कानातलं? आवाजाची दिशा कळायला कोणतं मशीन घ्यावं

'ऐकू येतं, पण कुठून आलं ते कळत नाही' म्हणून कानाचं मशीन बदलायचं असेल, तर आधी एक सांगा: सध्याचं मशीन एकाच कानाला आहे का? डावं-उजवं मेंदू ओळखतो ते दोन कानांतल्या फरकावरून. उजवीकडचा हॉर्न डाव्या कानात फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि डोक्याच्या आडोशाने जरा मंदही होतो. त्यामुळे दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल, तर एका महागड्या मशीनपेक्षा मध्यम किमतीची जोडी बरी. (एक कान पूर्ण गेला असेल, तर त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारी मशीनं मिळतात. बोलणं कळतं, दिशा मात्र कळत नाही.)

समोरून की मागून, हे ओळखायला बाह्यकर्णाच्या घड्या लागतात. पातळ, उंच आवाज त्या घड्यांत दिशेनुसार बदलतात. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर बसतो, म्हणून ही खूण हुकते. ज्यांचा फक्त स्पीकर कानात जातो, त्या नाजूक मशीनांचंही तेच. दुकानात 'कानातलं' म्हणाले तरी माइक कुठे आहे ते बघा. इथे पूर्ण कानात बसणारं मशीन सरस. पण त्यात मळ अडकतो, सेल बारीक असतो, बोटं थरथरत असतील तर वैताग येतो. तीव्र बहिरेपणाला त्याची ताकदही सहसा पुरत नाही.

वयोमानाने ऐकणं कमी झालेल्यांचे जाड, खालचे आवाज बहुधा शाबूत असतात. त्यांना कानामागचं मशीन आणि भोकांचा, उघडा डोम (कानात जाणारं मऊ रबरी टोक) मला जास्त पटतो: खालचे आवाज थेट कानात जातात आणि वेळेतला फरक टिकतो. उघडा डोम आणि समोर-मागची खूण, दोन्ही हवं असेल, तर माइकही कानात ठेवणारी मॉडेलं आहेत. २०२० साली आलेलं रीसाउंड वन हे त्यातलं एक.

फीचरच्या यादीत एकच गोष्ट आग्रहाने विचारा. दोन मशीनं आवाज जुळवून वाढवतात का? प्रत्येकाने आपापला मंद आवाज चढवला, तर दोन कानांतला फरकच पुसट होतो. समोरचंच टिपणारा माइक हॉटेलात उत्तम, रस्त्यावर नको; मागची रिक्षा तोच दाबतो.

ट्रायल काही आठवड्यांची मागा, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. घरी डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी चारी बाजूंनी हाक मारायला सांगा. समोर-मागे गोंधळ झाला, तर मान जराशी वळवून पुन्हा ऐका.