वेलँड की एक्स११: दोन मॉनिटर असतील तर काय घ्यावं?

उबुंटू लिनक्सवर बाहेरचा मॉनिटर लावला आणि अक्षरं एकीकडे बारीक नि दुसरीकडे राक्षसी दिसायला लागली, तर आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम डिटेल्स उघडून विंडोइंग सिस्टिमसमोर वेलँड लिहिलंय की एक्स११ ते बघा (स्क्रीनवर खिडक्या दाखवायचं काम या दोघांपैकी एक करतं), कारण निम्मं उत्तर तिथंच असतं.

एक्स११ हे १९८७ चं. ते सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा धरतं आणि डीपीआय (एका इंचात किती ठिपके हा आकडा) सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे फोर-के लॅपटॉपला २०० टक्के स्केलिंग दिलं, म्हणजे सगळं दुप्पट मोठं केलं, की शेजारच्या साध्या फुल एचडी मॉनिटरवर सगळं अवाढव्य होतं. एक्सरँडआर या एक्स११ च्या स्क्रीन-सेटिंगच्या कमांडनं जुगाड करता येतो, पण अक्षरं थोडी पुसट होतात आणि मला तरी ते दिवसभर बघवत नाही. वेलँडवर प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केलिंग सरळ सेटिंग्जमधून देता येतं, शिवाय व्हिडिओ बघताना चित्र मधेच फाटत नाही.

मग एक्स११ कशाला? एनव्हिडियाचं जुनं कार्ड आणि जुना ड्रायव्हर असेल तर वेलँडवर स्क्रीन लुकलुकते, आणि एक्सडूटूलवर (माउस-कीबोर्ड आपोआप चालवणाऱ्या टूलवर) बेतलेल्या स्क्रिप्ट तिथं नीट चालत नाहीत. तेव्हा लॉगिनला नावावर क्लिक केल्यावर खाली उजवीकडे गिअरचं चिन्ह येतं, तिथून एक्सऑर्ग, म्हणजे एक्स११ चा पर्याय, निवडा. उबुंटू २५.१० पासून मात्र ग्नोममध्ये (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये) तो पर्यायच काढलाय, त्यामुळे असं जुनं कार्ड किंवा अशा स्क्रिप्ट असतील तर २४.०४ वरच राहा, बाकी सगळ्यांनी बिनधास्त वेलँड वापरा.