आरएनए काढायची कॉलमवाली किट: अळीच्या आतड्यासाठी घ्यावी का?

3 स्टार. चौथा देणारच होते पण डीएनेझवरून (डीएनए तोडणारं एन्झाइम) डोकं फिरलंय, ते खाली सांगते.

मी घाटेअळीवर काम करते, हरभऱ्यात आणि कापसात हैदोस घालते तीच, हेलिकोव्हर्पा. कापसातलं गॉसिपॉल हे विष खाल्लं की तिच्या आतड्यातले पी450 जीन्स (विष मोडणारी एन्झाइम्स बनवणारे) कितपत चढतात, म्हणजे त्यांचा आरएनए किती वाढतो, ते बघायचंय. इतके दिवस आरएनए ट्रायझॉलनेच (फिनॉलवालं द्रावण) काढायचो, पण फिनॉलच्या वासाने जीव नकोसा व्हायचा म्हणून गाइडना मस्का मारून ही 50 सॅम्पलची किट मागवली.

फॅट बॉडीला (अळीचा चरबी साठवणारा अवयव) एकदम भारी, अर्ध्या तासात आरएनए हातात. मिडगट, म्हणजे मधलं आतडं, मात्र वेगळंच प्रकरण! पाचव्या इन्स्टारची (चार वेळा कात टाकलेली) अळी बर्फावर उभी चिरली की आतडं चाऱ्याने गच्च भरलेलं असतं, पहिल्या दिवशी मी ते तसंच टाकलं आणि कॉलम (आरएनए धरून ठेवणारी गाळणीची नळी) चोकअप, सेंट्रिफ्यूजमध्ये कितीही फिरवा वरचा चिकट थर खाली जाईचना, दोन कॉलम असेच गेले. मग आतलं खाद्य चिमट्याने काढून, थंड पीबीएसमध्ये (मिठाचं बफर) धुऊन, अर्धंच आतडं घेतलं तेव्हा कुठे जमलं. पत्रकात नुसतं ‘टिश्यू’ लिहिलंय, लिहिणाऱ्याच्या डोक्यात उंदराचं लिव्हर असणार.

आता किटला शिव्या घालण्याआधी हे वाचा. जेलवर 28एस आणि 18एस (रायबोसोमचे आरएनए) असे दोन बँड शोधत बसू नका, 18एसच्या जागी एकच जाड बँड येतो आणि मशीन आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे त्याचा आकडा) एकदम रद्दी दाखवतं. आमचा ज्युनियर सॅम्पल फेकायलाच निघाला होता. अरे बाबा, बहुतेक कीटकांचा 28एस मुळातच मधे तुटलेला असतो, दोन तुकडे नुसत्या हायड्रोजन बाँडवर टिकलेले, गरम केलं की सुटतात आणि दोघंही 18एसच्या शेजारी जाऊन बसतात. खाली स्मिअर (तुटलेल्या आरएनएचा पसरट डाग) नसेल तर बिनधास्त पुढे जा. पत्रकात एक ओळ टाकायला यांचं काय जातं?

आणि डीएनेझ. ते वेगळं विकत घ्यायचं म्हणे! मी घेतलं नाही, आणि क्यूपीसीआरमध्ये नो-आरटी कंट्रोलच (आरएनएपासून डीएनए न बनवता लावलेला नमुना, यात काही यायलाच नको) 27 सायकलला वर आला, म्हणजे आरएनएत डीएनए मिसळलेला. एरवी इंट्रॉनच्या (जीनमधला, पण तयार आरएनएतून गळणारा भाग) दोन्ही बाजूंना प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे) ठेवून सुटता येतं, पण सीवायपी6एई या पी450 गटाचे नऊ जीन्स एकाच गठ्ठ्यात शेजारीशेजारी, सिक्वेन्स इतके मिळतेजुळते की जिथे फरक सापडेल तिथेच प्रायमर बसवायचा, निवड कुठली करताय. गॉसिपॉलने सीवायपी6एई14 चढतो हे 2007 पासून छापून आलंय आणि माझ्याकडे तो चढेचना, आठवडाभर अळ्यांच्या खाण्याला दोष देत बसले. नंतर कळलं की गॉसिपॉल न दिलेल्या अळ्यांमध्ये जो सिग्नल दिसत होता तो जवळजवळ सगळा डीएनएचाच.

सध्या आतड्याला परत ट्रायझॉलच, शेवटचं साफ करणं तेवढं या कॉलमवर, वर डीएनेझ देऊन. 11 कॉलम उरलेत. वास आहेच.